‘दोन दिवसांत आराम’ देणारे डोळ्यांचे ड्रॉप्स

डोळ्यांची साथ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरू लागतो: ‘डोळे लाल झालेत, खुपतात, उजेड सहन होत नाही? मेडिकलमधून सूज उतरवणारे ड्रॉप्स आणा. दोन दिवसांत आराम. पोटात जात नाहीत, त्यामुळे साइड इफेक्ट नाहीत. उरलेली बाटली ठेवून द्या, घरात कुणालाही चालते.’

पहिला घोळ ‘सूज उतरवणारे ड्रॉप्स’ इथेच आहे, कारण त्यात दोन वेगळी घराणी येतात. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल ही स्टिरॉइड्स. कीटोरोलॅक, नेपाफिनॅक, ब्रोमफिनॅक ही बिगर-स्टिरॉइड. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं कुठलं अभिप्रेत आहे, ते त्यालाच ठाऊक.

‘दोन दिवसांत आराम’ हे मात्र बऱ्याचदा खरं ठरतं, आणि गोची तिथेच आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात मज्जातंतूंचं दाट जाळं असतं. म्हणून धुळीचा कणही खुपतो. बिगर-स्टिरॉइड थेंब प्रोस्टाग्लँडिन (सूज आणि वेदना घडवणारी शरीरातली रसायनं) तयार होऊ देत नाहीत, शिवाय या पडद्याची संवेदनाही काहीशी बोथट करतात. खुपणं थांबतं, पण जखम भरलेली असेलच असं नाही. उलट जास्त दिवस घातल्यास, विशेषतः आधीच कोरड्या डोळ्यांत, ती भरायला वेळ लागतो. क्वचित पडदा विरघळू लागतो. 1999 मध्ये अमेरिकेत डायक्लोफिनॅकचे जेनेरिक थेंब अशाच तक्रारींनंतर बाजारातून मागे घेतले गेले.

स्टिरॉइडचं प्रकरण याहून वाईट. ऊसतोडीत पातं डोळ्याला लागतं, बुरशीचा संसर्ग होतो, डोळा लाल होतो. अशा वेळी स्टिरॉइड घातलं की लाली उतरते, माणूस पुन्हा फडात जातो आणि आत बुरशीला मोकळं रान मिळतं. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत डोळ्यात फूल पडण्याची वेळ आलेली असते. नागिणीच्या जवळच्या नात्यातला हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूही असाच फोफावतो.

साथीचं म्हणाल, तर 2023 च्या जुलैमध्ये आळंदीत हजारोंचे डोळे आले होते. अशा साथी बहुधा विषाणूंच्या असतात आणि बहुतेकांचे डोळे एक-दोन आठवड्यांत आपसूक बरे होतात. मग श्रेय ड्रॉप्सना मिळतं!

‘उजेड सहन होत नाही’ हे लक्षण तर घरी निस्तरण्याचं नव्हेच. ते डोळ्याच्या आतल्या सुजेचं, युव्हियायटिसचं असू शकतं. तिथे स्टिरॉइड थेंब खरोखर नजर वाचवतात, पण तपासून, ठरल्या मात्रेत आणि हळूहळू कमी करत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तसंच. त्यामुळे हा लेख वाचून डॉक्टरांनी दिलेले थेंब परस्पर बंद करू नका.

‘साइड इफेक्ट नाहीत’? स्टिरॉइड थेंब काही आठवडे सलग घातले, तर साधारण तिघांपैकी एकाच्या डोळ्याचा दाब वाढतो, काहींचा फारच. हा दाब दुखत नाही. काचबिंदू होऊन कडेची नजर जाते तरी कळत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या मुलांबाबत ही भीती सर्वांत मोठी, कारण आई-बाबा दरवर्षी जुनीच चिठ्ठी दाखवून बाटली आणतात. खाज थांबते, मूल खूश. दाब मोजायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं तर कोवळ्या वयात मोतीबिंदूही होतो.

उरलेल्या बाटलीबद्दल फार बोलायला नको. उघडल्यावर बहुतेक बाटल्या महिनाभरात टाकायच्या असतात, आणि एकाच्या डोळ्याला टेकलेलं टोक दुसऱ्याच्या डोळ्याला लावणं म्हणजे साथ घरपोच.

घरात अशी बाटली असेल तर आज तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. वर दिलेल्या स्टिरॉइडपैकी नाव दिसलं आणि ती महिनोन्‌महिने वापरात असेल, तर डॉक्टरांकडे नुसता चष्म्याचा नंबर काढून परतू नका. दाब मोजायला सांगा.