नानजिंगला विसरू नका
लेख आवडला, पण अनेक रंगांची ठसेछपाई (लाकडी ठशांनी कागदावर चित्र छापणं) १७६५च्या जपानपासून सुरू झाली, हे वाक्य खटकलं. चीनमध्ये नानजिंगला हू चंगयेन यांचा ‘दहा बांबू’ चित्रसंग्रह १६३३ मध्येच छापून झाला होता. बांबू, प्लमचा मोहोर, ऑर्किड, फळं, सगळं त्यात आहे. प्रत्येक रंगाला वेगळा लाकडी ठसा, रंग पाण्यात कालवलेले, आणि यंत्र नाहीच. कागद पाठीमागून हातानेच घासायचा. खरी गंमत मात्र ठशावर रंग लावण्यात. झाडाच्या एकाच पानात गडद रंग फिका होत जातो, ती करामत कोरणाऱ्याची नव्हे, छापणाऱ्याच्या हाताची! कित्येक पाकळ्यांना बाह्यरेषाच नाही, त्यामुळे थेट कुंचल्याने रंगवल्यासारख्या दिसतात. (पहिल्यांदा मीही फसलो होतो.)