550 चा ड्राइव्ह 265 च का दाखवतो? दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार दिलात आणि तीन तक्रारी लिहिल्यात. खोक्यावर वेग सेकंदाला 550 एमबी छापलाय पण लॅपटॉपवर 265 च येतात, म्हणजे ड्राइव्ह डुप्लिकेट. 1 टीबीची 7200 आरपीएम (मिनिटाला 7200 फेरे घेणारी) डिस्क मागितली होती, तर निम्म्या जागेची महागडी एसएसडी (चिपवर साठवणारा, न फिरणारा ड्राइव्ह) गळ्यात मारली. आणि 'संध्याकाळी न्या' सांगून दोन दिवस लावले.

तिसरी तक्रार शंभर टक्के खरी आहे, म्हणून आधी तीच घेतो. तुमची जुनी डिस्क कानाला लावली तर टक्‌-टक्‌ ऐकू येत होतं. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची सीडी तुमच्याकडे उरलेली नाही, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सेटिंग्ज, फॉन्ट आणि लग्नपत्रिकांच्या फायली सगळ्या त्याच डिस्कवर. त्यामुळे नवीन विंडोज टाकून मोकळं होता येईना, डिस्कची आहे तशी हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोनच घ्यावा लागला. तो बॅड सेक्टरवर (डिस्कच्या खराब झालेल्या जागेवर) अडकला, मग खराब भाग बाजूला ठेवून आधी चांगला भाग काढला आणि उरलेल्यावर रात्रभर पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. फायली वाचल्या. पण हे तुम्हाला फोन करून सांगायला हवं होतं आणि आम्ही सांगितलं नाही. लग्नसराईत तुमचे दोन दिवस गेले. चूक आमची, क्लोनिंगचे 800 रुपये परत घेऊन जा.

आता 265 चं. ड्राइव्ह अस्सल आहे, अडवणूक लॅपटॉपची आहे. तुमचं मशीन 2010 चं, पहिल्या पिढीचा आय-थ्री, चिपसेट (मदरबोर्डवरची मुख्य चिप) एचएम55. त्यात साटाची (ड्राइव्ह जोडायच्या जोडणीची) जुनी, सेकंदाला 3 गिगाबिटची लाइन आहे. त्या लाइनवर 8 बिट पाठवायला 10 बिट खर्च होतात, म्हणजे कागदावरच कमाल 300 एमबी, आणि प्रत्यक्षात 260 ते 280. इंटेलच्या लॅपटॉप चिपसेटमध्ये 6 गिगाबिट आलं 2011 साली. तुमचा लॅपटॉप वर्षभर उशिरा घेतला असतात तर हा वादच झाला नसता! हा आकडा एवढाच येणार हे बिल करतानाच सांगायला हवं होतं, तेही राहिलं.

तुम्ही टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कच्या पहिल्या ओळीला लाल गोल केलाय. तोच फोटो परत उघडा आणि सगळ्यात खालची ओळ बघा. तिथे वाचनाचा आकडा सेकंदाला 24 एमबी आहे. जुन्या डिस्कचा क्लोनच्या आधी मी घेतला होता: 0.4. पहिली ओळ म्हणजे एक मोठी फाइल सलग वाचणं. खालची म्हणजे इथून चिमूटभर, तिथून चिमूटभर. विंडोज सुरू होताना, पेजमेकर शेकडो फॉन्ट गोळा करताना काम असतं ते हे खालचं. पूर्वी डेस्कटॉप हाताशी यायला चार मिनिटं लागायची, ती पस्तीस सेकंदांवर आली. काउंटरवर तुम्हीच घड्याळ लावून बघितलंत.

म्हणूनच 7200 ला मी नको म्हटलं. फिरत्या डिस्कमध्ये हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं. 5400 आरपीएमला 5.6 मिलिसेकंद, 7200 ला 4.2. वाचले दीड मिलिसेकंदही नाहीत, आणि हेड सरकायला साधारण 12 लागतात ते वेगळेच. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे सगळं 0.1 च्या आसपास आटोपतं. 7200 बसवली असती तर महिन्याभरात तुम्ही परत आला असतात, 'फरकच पडला नाही' म्हणत.

जागेबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. 500 जीबीचे विंडोजमध्ये 465 दिसतात, ते आम्ही कापलेले नाहीत, मोजण्याची पद्धत वेगळी आहे एवढंच. पण जुन्या पत्रिकांचा साठा मोठा असेल तर डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी (डिस्क बसवायची चौकट) बसवता येते आणि तीत 1 टीबीची साधी डिस्क. साठ्याला ती पुरेशी आहे. फक्त तुमची जुनी डिस्क त्यात घालायला सांगू नका. ती तुमच्या नावाच्या पाकिटात ठेवली आहे, घेऊन जा, पण तिच्यावर काही ठेवू नका.

तरीही डुप्लिकेटची शंका असेल तर लॅपटॉप आणि खोकं घेऊन या. तुमचाच ड्राइव्ह काढून दुकानातल्या 6 गिगाबिटच्या डेस्कटॉपला तुमच्यासमोर लावतो. वेग 500 च्या खाली आला तर ड्राइव्हचे पूर्ण पैसे तिथेच परत. मंगळवार सोडून कधीही या, दुपारी गर्दी कमी असते. आणि श्रीलिपीचं लॉक (जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही) आठवणीने आणा, मागच्या वेळी ते घरी राहिलं म्हणून पत्रिका उघडून दाखवता आली नव्हती.