इंटरनेटच्या कारभाराची नुसती तोंडओळख पुरत नाही

काल एका ओळखीच्या मुलीचा मेसेज आला. इंटरनेट गव्हर्नन्सच्या पाच दिवसांच्या कोर्ससाठी तिची निवड झालीये. ती प्रचंड खूश होती, मलाही मनापासून आनंद झाला. पण तिच्या दुसऱ्या मेसेजवर मी बराच वेळ उत्तर लिहीत आणि पुसत बसलो. तिने विचारलं होतं, "दादा, कोर्स झाला की मग पुढे नक्की काय करायचं?"

सहा वर्षांपूर्वी मलाही हेच विचारायचं होतं आणि सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इंटरनेटला मालक नाही, पण कारभार आहे आणि तो वेगवेगळ्या ठिकाणी चालतो. डोमेन नावं म्हणजे वेबसाइटचे पत्ते. त्यांची सगळ्यात वरची यादी, म्हणजे डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा शेवटांची यादी, तिला रूट झोन म्हणतात. तिचे नियम आयकॅन या १९९८ साली स्थापन झालेल्या ना-नफा संस्थेत ठरतात. आयपी पत्त्यांचं, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांना मिळणाऱ्या क्रमांकांचं, वाटप पाच प्रादेशिक संस्था बघतात. यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं ते आयईटीएफ ही तांत्रिक मानकं लिहिणारी संस्था ठरवते, आणि तिथे सभासदत्व ही भानगडच नाही, येईल तो आपला. संयुक्त राष्ट्रांचा इंटरनेट गव्हर्नन्स फोरम २००६ साली अथेन्सला पहिल्यांदा भरला. तिथे निर्णय होत नाहीत, पण पुढे जे निर्णय होतात त्यांची भाषा बऱ्याचदा तिथे घडते.

यातली बहुतेक दारं उघडी आहेत. आयकॅनच्या सभेला फी नाही. मसुद्यावर कुणीही मत पाठवू शकतं, बऱ्याच कामगटांत कुणीही बसू शकतं. आणि आत जायची तयारी करून देणारेही आहेत. जर्मनीतल्या मायसेनमध्ये २००७ पासून उन्हाळी शाळा भरते, लॅटिन अमेरिकेत २००९ पासून, आफ्रिकेत २०१३ पासून. आयकॅनची फेलोशिपही २००७ पासूनची. मी स्वतः अशाच एका कोर्समधून आलो, त्यामुळे या लोकांचं ऋण मी कधी नाकारणार नाही.

पण कोर्समध्ये मला काय मिळालं? संस्थांची नावं, त्यांची लघुरूपं, कोण कुणाला उत्तरदायी आहे त्याचा तक्ता. शेवटच्या दिवशी एक लुटुपुटूची वाटाघाट. मला एका सरकारचा प्रतिनिधी केलं होतं आणि दोन तासांत आमचा एकमताचा मजकूर तयारही झाला. टाळ्या, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र.

मग मी पहिल्यांदा खऱ्या कामगटाच्या कॉलला बसलो. माझ्याकडे रात्रीचा एक वाजला होता. दीड तास चर्चा झाली ती एका वाक्यावर, आणि त्या वाक्यातल्याही एका शब्दावर: 'शुड' ठेवायचा की 'मस्ट'. मराठीत म्हणायचं तर 'करावे' की 'केलेच पाहिजे'. मला वाटलं, ही माणसं शब्दांचा कीस काढतायत. नंतर कळलं की हा फरक इतका महत्त्वाचा आहे की आयईटीएफच्या दस्तऐवजांत या शब्दांचे अर्थ १९९७ साली एका वेगळ्या दस्तऐवजात बांधून दिलेत, आरएफसी २११९. 'मस्ट' म्हटलं की सुटका नाही. 'शुड' म्हटलं की सबळ कारण असेल तर वाट मोकळी. त्या रात्री कंपन्यांचे वकील 'शुड'साठी झटत होते आणि वापरणाऱ्यांच्या बाजूने बोलणारी एकच बाई होती. मला सगळं ऐकू येत होतं, पण नेमकं काय चाललंय ते उमजत नव्हतं. पाच दिवसांत हे कुणी बोललंच नव्हतं.

दुसरी गोष्ट वेळेची. डॉट कॉमसारखे नवे शेवट देण्याची पुढची फेरी कोणत्या नियमांनी चालवायची, हे ठरवणारा आयकॅनचा कामगट २०१६ साली सुरू झाला आणि त्याचा अंतिम अहवाल आला २०२१ साली. पाच वर्षं! दर आठवड्याला कॉल, शेकडो पानांचे मसुदे. इतका काळ कोण बसू शकतं? ज्याच्या पगारातच हे काम मोडतं तो. बाकीचे येतात, दोन-चार महिने ऐकतात, नोकरी-संसाराच्या रेट्यात गळतात. आणि धोरणाचा मजकूर शेवटपर्यंत बसलेल्यांच्या हातून उतरतो. यात कुणाचं कारस्थान आहे असं मला वाटत नाही. पण परिणाम कारस्थानासारखाच होतो, आणि याचा मला खरोखर त्रास होतो.

आता डॉट ऑर्गचं प्रकरण घ्या. कोर्समध्ये ते पहिल्या दिवशी शिकवलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. डॉट ऑर्गने संपणारे पत्ते बऱ्याच सेवाभावी संस्था वापरतात. २०१९ मध्ये आयकॅनमध्ये या नावांच्या किमतीवरची कमाल मर्यादा काढायचा प्रस्ताव आला. तीन हजारांहून जास्त मतं आली, जवळजवळ सगळी विरोधात. मर्यादा तरीही उठली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कळलं की डॉट ऑर्ग सांभाळणारी संस्थाच एका खाजगी गुंतवणूक कंपनीला सुमारे १.१ अब्ज डॉलरना विकली जातेय. पुन्हा विरोध झाला, जगभरातल्या सेवाभावी संस्था उठल्या. पण या वेळी दबाव आणखी एका जागी पोहोचला. आयकॅनची नोंदणी कॅलिफोर्नियाची, आणि तिथल्या ना-नफा संस्थांवर त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलची, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याची, देखरेख असते. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी आयकॅनला पत्र लिहून ही विक्री नाकारायला सांगितलं. ३० एप्रिलला आयकॅनच्या संचालक मंडळाने विक्रीला संमती नाकारली.

त्या हजारो लोकांची कळकळ खोटी नव्हती. पण पहिल्या वेळी, किमतीच्या प्रस्तावावर, बरीच मतं एकाच साच्यातून आलेली होती, आणि कामगटात बसल्यावर दिसतं की एकाच मजकुराच्या हजार प्रतींचं वजन एका प्रतीइतकंच धरलं जातं. कळ कुठे आहे, ती कोण दाबू शकतं आणि कधी, हे ज्ञान प्रमाणपत्राच्या तक्त्यात येत नाही.

आणि आपल्या लिपीतल्या डोमेन नावांचंच बघा ना. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. फरक फक्त त्या 'र'च्या आकाराचा. हा आकार काही वेळा एका अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीने टाइप केला जातो, आणि रूट झोनच्या नियमांत अशी अदृश्य चिन्हं चालत नाहीत. मग हा आकार 'ऱ' या वेगळ्या अक्षरावरून घडवावा लागतो आणि ते अक्षर कुठे चालेल हे नियमात लिहावं लागतं. देवनागरीसकट नऊ लिप्यांचे हे नियम निओ-ब्राह्मी नावाच्या एका गटाने तयार केले. अशा खोलीत मराठी लिहिणारं कुणी नसेल तर 'दऱ्या'चा 'दर्या' होईल आणि कुणाला चूक कळणारही नाही. या पोस्टमध्येच हा आकार किती वेळा आलाय, मोजून बघा. भाषेचे शिक्षक, कोशकार, टाइप डिझाइन करणारी मंडळी, यांना या प्रशिक्षणांत मी फार क्वचित पाहिलंय. वकील आणि इंजिनियर भरपूर असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रशिक्षण देणाऱ्यांनी पाच दिवसांवर न थांबता वर्षभर सोबत करावी. नवख्याला एक मुद्दा निवडू द्यावा, एकच. त्याची मागची पाच वर्षांची दप्तरं त्याच्याबरोबर बसून वाचावीत. ती सगळी उघड्यावर असतात, फक्त कुठून सुरू करायचं ते कुणी दाखवत नाही. 'आम्हाला हे मान्य नाही' असं लिहिणं सोपं आहे. 'या परिच्छेदातल्या या वाक्याऐवजी हे वाक्य घ्या, कारण हे' असं लिहायला सराव लागतो, तो करून घ्यावा. आणि पैसे देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: विमानाचं तिकीट आणि हॉटेल यापलीकडे बघा. त्या माणसाच्या आठवड्यातल्या चार तासांचे पैसे द्या. किती जण शिकले हे अहवालात लिहिताच, दोन वर्षांनी त्यातले किती जण कुठल्या कामगटात बसलेत तेही लिहा.

तिला मी शेवटी फार काही लिहिलं नाही. कोर्स संपला की पुढच्या बुधवारपासून दर आठवड्याला एक तास आपण दोघं कॉलवर बसायचं आणि एक मसुदा वाचायचा, असं ठरवलं. पहिला मसुदा मी निवडून ठेवलाय, अठ्ठावीस पानांचा. त्यात 'शुड' एकेचाळीस वेळा आलाय. त्यातले कोणते बदलून मागायचे ते ती ठरवेल.