पत्रिकेवर कार्यकर्तीचं नाव का नसतं?

आज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एका संस्थेच्या रौप्यमहोत्सवाची पत्रिका आली. आमदार, दोन उद्योजक, कंपनीचा सामाजिक निधी (सीएसआर) वाटणारे साहेब, संस्थापक दादा, वहिनी, दादांचे चिरंजीव. ज्या बायकांनी गावोगाव पायपीट करून संस्था उभी केली, त्यांतल्या एकीचंही नाव नाही. तळाला बारीक अक्षरात 'आपले विनीत : सर्व कार्यकर्ते'. दिवसभर डोकं तापलंय.

या संस्थेत मी तरुणपणी बचत गटांचं काम केलंय. तेव्हाची एक मासिक बैठक विसरता येत नाही. दादा शौचालयांचे आकडे वाचत होते. आमची एक कार्यकर्ती, सातवी शिकलेली, उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, संडास बांधलेत खरे, पण निम्म्यांत सरपण भरलंय. गावात प्यायला पाणी नाही, तिथं ओतणार काय?" दादा रागावले नाहीत. चष्मा काढला, पुसला आणि पुढचा विषय घेतला. बस्स. दुपारी पंगतीत तिच्या शेजारी मी एकटीच. कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. इतिवृत्तात तिचा प्रश्न आला नाही, आणि पुढच्या प्रशिक्षणाच्या यादीत ती नव्हती.

हुकूम सोडणारा साहेब परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं. ज्याच्या पाया पडतो त्याच्याशी कसं भांडायचं? दादांच्या तोंडाकडे बघून खोलीभर माणसं आपलं मत गिळतात. आणि वर 'आपण एक कुटुंब आहोत' म्हणायचं! कुटुंबात धाकट्या सुनेला किती बोलता येतं, ते ठाऊक आहे की आपल्याला.

'नेतृत्व खंबीरच लागतं' हे ऐकून मला वीट आलाय. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आरोग्याचं काम करायला गेलं. गावानं निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित बायकांना त्यांनी बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाबावरचं मीठ-साखर-पाणी शिकवलं आणि ते काम त्यांच्यावर सोपवलं. पुढे बाहेरून शिकायला आलेल्यांना त्याच बायका शिकवू लागल्या. संस्थेची धुरा तिथंही आरोळेंच्या घरातच राहिली, मान्य. पण त्या बायकांचं शहाणपण कुणाच्या मर्जीवर उरलं नाही.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गाव घ्या. ग्रामसभेत सर्वसहमती होईपर्यंत निर्णय नाही. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल वर्षानुवर्षं तिथं अभ्यासगटात बसले, पण निर्णय गावाचाच. त्याच गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल सांभाळायचा आणि वापरायचा गावाचा हक्क, मिळाला. आमची ती कार्यकर्ती तिथं उभी राहिली असती तर विषय तिच्यापाशी थांबला असता, पुढे ढकलला गेला नसता. अशा पद्धतीनं निधीचे प्रस्ताव वेळेत जात नाहीत, हेही खरं. 31 मार्च कुणासाठी थांबत नाही.

दादांबद्दल लिहिताना हात जड होतो. सुरुवातीला ते एसटी स्टँडवर झोपलेत. आमच्या मानधनासाठी वहिनींचे दागिने गहाण पडलेत. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि आजही दादा समोर आले तर वाकून नमस्कार करीन. पण वहिनींचे दागिने होते तशी त्या कार्यकर्तीची उन्हातान्हातली पायपीट होती. रौप्यमहोत्सव दोघींचाही आहे ना? मग एक व्यासपीठावर आणि दुसरीला साधं बोलावणंही नाही? मघाशी तिला फोन केला, तिला कार्यक्रमाचं माहीतच नव्हतं. हे लिहितानाही संताप होतोय.

माझ्या मित्रयादीत संस्था चालवणारे बरेच जण आहेत, तुम्हालाच सांगतेय. आकड्यांवर प्रश्न आला की विचारणारीला सोबत घेऊन गावात जा, दार उघडून बघा. विरोधी मत इतिवृत्तात नावानिशी लिहा. आणि विश्वस्त मंडळातली जागा रिकामी झाली की घरात बघू नका, वस्तीत बघा. धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, सातवी शिकलेल्या बाईच्या नावानंही भरता येतो.