समतेच्या गाण्यांचा निर्धोक कार्यक्रम कसा करावा

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर आपण कोठेही सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष असाल, तर कधी ना कधी ‘समतेची गाणी’ हा कार्यक्रम आपल्या गळ्यात पडणारच. घाबरण्याचे कारण नाही. गाण्यावर बंदी घालण्याचा अडाणी मार्ग तेवढा टाळावा. आंतरराज्य बसगाड्यांतील वर्णभेद मोडायला निघालेले फ्रीडम रायडर १९६१ साली मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात डांबले गेले आणि काही केल्या गाणे थांबवीनात, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांच्या गाद्या काढून घेतल्या. पोरे लोखंडी बाकांवर निजली आणि गातच राहिली. त्याऐवजी त्यांना पहिल्या रांगेत सोफे दिले असते, शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला असता आणि मध्ये तीन मान्यवरांची मनोगते घातली असती, तर दुसऱ्या कडव्यापर्यंत कोणी पोहोचले असते असे वाटत नाही.

या बाबतीत आपण अमेरिकेच्या पुष्कळ पुढे आहोत. ‘वुई शॅल ओव्हरकम’ हे गाणे १९४५ साली चार्ल्स्टन येथील तंबाखू कारखान्यातल्या संपकरी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या तोंडी होते. तेथून ते टेनेसीतील, चळवळीचे कार्यकर्ते घडवणाऱ्या हायलँडर शाळेमार्गे नागरी हक्कांच्या मोर्च्यांत पोहोचले आणि मार्च १९६५ मध्ये, मतदान हक्काचा कायदा मागताना, खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना संसदेपुढे तेच शब्द उच्चारावे लागले. आपल्याकडे त्याचे ‘हम होंगे कामयाब’ झाले आणि आता २६ जानेवारीच्या उन्हात मुले ओळीत, हात मांड्यांना चिकटवून ते म्हणतात. कशात कामयाब व्हायचे, हे एकाही मुलाने विचारल्याचे ऐकिवात नाही. (गुरुजींनीही नाही.)

महाडचा विषय टाळता येणार नाही. निवेदिकेला ‘ऐतिहासिक’ हा शब्द हवा तितक्या वेळा वापरू द्यावा, तपशिलात मात्र शिरू देऊ नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही तो स्वीकारला होता; तरीही चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसह हजारोंना चालत जावे लागले, परतताना मार खावा लागला, मागाहून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. एवढे श्रोत्यांना कळले, की ठराव आणि नळ यांमधले अंतर ते आपापल्या वाडीत मोजू लागतात, आणि ग्रामसभेत त्याची उत्तरे आपल्यालाच द्यावी लागतात.

शाहीर पारखून घ्यावा. शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन मेळ्यांच्या गाण्यातल्या सवाल-जवाबांचे, गायक सवाल टाकण्यात तरबेज असतात. सवाल समोरच्या मेळ्याला टाकायचा, व्यासपीठाला नाही, ही अट मानधनाचे पाकीट देतानाच कानावर घालावी. आंबेडकरी जलशांनी तमाशातली गौळण बाजूला सारून शिक्षणाचे आणि अंधश्रद्धेचे संवाद आणले होते. आपण संवाद तेवढे गाळावेत, ढोलकी ठेवावी. ढोलकीला कोणाची हरकत नसते.

सर्वांत जपायचे ते कोरसला. एकट्याने गायलेले गाणे ऐकून लोक फार तर ‘वाहवा’ म्हणतात. तेच पाचशेजणांनी एका सुरात म्हटले, की शेजारी बसलेल्यालाही आपलेच दुखणे आहे असा त्यांचा समज होतो, आणि तो समज सहसा खरा निघतो. म्हणून गाणे ट्रॅकवर लावावे, गायकाला ओठ हलवण्यापुरते ठेवावे आणि वडापाव व चहा नेमका ध्रुवपदाच्या वेळी वाटावा. एका हातात गरम कप आणि दुसऱ्यात बशी असली की टाळी वाजत नाही.

इतके करूनही एखादी म्हातारी मागच्या रांगेतून उठून, फुगडीच्या चालीवर, वाडीच्या कोरड्या नळाचे कडवे जोडू लागली आणि बाया तिच्या मागून म्हणू लागल्या, तर माईक हिसकावून घेऊ नये. ते पार्चमनचे वळण झाले. ताबडतोब पैठणीचा लकी ड्रॉ जाहीर करावा. पहिली चिठ्ठी त्याच वाडीची निघेल, एवढे मात्र आधी पाहून ठेवावे.