'एकदा बांधावर या मॅडम' म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगते, झोप लागली नाही. मायकोरायझा म्हणजे पिकांच्या मुळांत राहणारी बुरशी झाडाला स्फुरद (फॉस्फरस) देते आणि बदल्यात साखर घेते, असा त्यांचा सौदा चालतो, हे शास्त्रज्ञ टोबी किअर्स यांचं संशोधन मी पोस्टमध्ये लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता, "बुरशी काय कळमना मार्केटात भाव बघायला जाते का? सगळी पिकं म्हणता, मोहरीचं काय? कुंडीतले प्रयोग काळ्या मातीत चालत नाहीत, मी दोन वर्षं बुरशीची पावडर टाकली, फरक शून्य. एसीत बसून लिहिणं सोपं असतं, एकदा बांधावर या मॅडम."

मोहरीचं तुमचं बरोबर आहे. मोहरी, कोबी या कुळातली झाडं या बुरशीशी जुळवून घेत नाहीत. 'बहुतेक पिकं' लिहायला हवं होतं, दुरुस्त केलंय.

आता ते एसीचं. तुम्ही मला ओळखत नाही, मी कुठं वाढले ते माहीत नाही, तरी बिनधास्त लिहून मोकळे झालात. माझं माहेर काटोलकडचं, बाग संत्र्याची, लाईट रात्री यायची तेव्हा मोटर सुरू करायला बाबांसोबत बॅटरी धरून मीच जायची. मी नववीत असताना बाबांनी जंभेरीची रोपं (यांच्यावरच संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे कलम करतात) घरीच करायची ठरवली आणि कुणीतरी सांगितलं की माती फॉर्मॅलिन टाकून निर्जंतुक करा, मूळकूज येत नाही. मूळकूज नाही आली, पण रोपं वीतभर होऊन तिथंच थांबली, पानं पिवळी, बाबांनी जस्त फवारलं, डीएपी खत दिलं, काही नाही, त्या वर्षी एका रोपावरही डोळा भरता आला नाही. आई त्या पिशव्यांना पाणी घालायची तेव्हा कुणाशी बोलायची नाही. हे मी बांधावर उभं राहूनच पाहिलंय ना.

पुढं एमएस्सीला बॉटनी घेतलं. संत्र्याची मुळं कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळून, निळा रंग चढवून मायक्रोस्कोपखाली धरली, तर पेशीपेशीत इवलं फांद्या फुटलेलं झाड! ती ही बुरशी. तेव्हा आमची पिवळी रोपं डोळ्यासमोर आली. मग वाचलं की 1972 सालीच अमेरिकेत क्लाइनश्मिट आणि जर्डेमन यांनी हेच दाखवलं होतं: धुरी देऊन निर्जंतुक केलेल्या नर्सरीच्या मातीत लिंबूवर्गीय रोपं खुंटतात, कारण ही बुरशीही मेलेली असते. म्हणजे ही गोष्ट आधी नर्सरीवाल्यांच्याच डोळ्यांना दिसलेली आहे, कुंडीचं काय घेऊन बसलात.

संत्र्याच्या मुळांना केशमुळं कमी. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत स्फुरद चुन्याशी बांधला जातो, जागचा हलत नाही, मूळ आपल्याभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरमधला ओढून घेतं आणि मग उपाशी. बुरशीचे धागे त्याच्याही पलीकडं काही सेंटीमीटर जातात आणि तिथला आणून देतात, बदल्यात झाड आपल्या साखरेतला वाटा देतं, कधी 20 टक्क्यांपर्यंत. आणि भावाचं म्हणाल तर किअर्स यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवलं की जी बुरशी जास्त स्फुरद देते तिला मूळ जास्त साखर देतं, आणि बुरशीही जास्त साखर देणाऱ्या मुळाकडंच जास्त स्फुरद वळवते. याला देवाणघेवाण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आमच्या त्या पिवळ्या रोपांच्या पुढच्या वर्षी बाबांनी फॉर्मॅलिन सोडलं, शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून जुन्या झाडाखालची मूठमूठ माती पिशव्यांत टाकली आणि रोपं चालली. (तुम्ही असं करा म्हणत नाहीये हं, त्या मातीतून डिंक्या रोगही येतो.) काकांनी काही जर्नल वाचलं नव्हतं.

पावडरबद्दल मी पोस्टमध्ये अक्षर लिहिलं नव्हतं, त्याचा हिशेब मला मागू नका. बाकीचं, तुम्ही वाचून लिहिलं असतं तर बोललो असतो.

आणि बांधावर या म्हणता तर येते की जी. पाऊस पडला की गाव कळवा, फावडं माझं मी आणते, तुमच्याच झाडाची मुळं उकरू. एसी हा शब्द तेवढा त्याआधी मागे घ्या.