पाण्यावरच्या घरांचं चित्र आणि त्यातून गायब झालेलं शिवार

‘पाच हजार वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमध्ये लोक भर तळ्यात लाकडी मचाणांवर राहत, मासे खाऊन जगत आणि एका महापुरात ती गावं बुडाली,’ असा मजकूर एका देखण्या चित्रासह सगळीकडे फिरतोय. त्यातली तिन्ही विधानं तपासायला हवीत.

भर तळ्यात? १८५३-५४च्या हिवाळ्यात झुरिक सरोवराचं पाणी खूप उतरलं आणि ओबरमायलेनला चिखलात खुंटच खुंट उघडे पडले. झुरिकचे पुरातत्त्व अभ्यासक फर्डिनांड केलर यांनी त्यावरून एका मोठ्या मचाणावरचं गाव कल्पिलं. न्यू गिनीतल्या पाण्यावरच्या घरांचं चित्र त्यांच्यासमोर होतं. पुढच्या उत्खननांत मात्र बरीच घरं काठाच्या ओलसर पट्ट्यात निघाली, काहींची जमीन पुराच्या भीतीने उचललेली. उत्तर इटलीत फियावेला खरोखर पाण्यात उभी घरंही सापडली. पण म्हणून तोच नमुना सगळ्यांना लावता येत नाही.

मासे खाऊन? माझा खरा आक्षेप इथे आहे. हे लोक शेतकरी होते. फेफिकॉन तळ्याकाठच्या रोबेनहाउझेनची वस्ती १८५८मध्ये याकोब मेसिकोमर यांनी शोधली, तेही शेतकरीच. तिथल्या दलदलीतून काय काय निघालं पाहा: जळून काळा पडलेला गहू, पावाचे तुकडे, मधोमध चिरून वाळवलेली रानसफरचंदं, जवसाच्या धाग्याचं कापड. मासे ते धरतच होते, पण जाळं विणायला लागणारा धागाही शेतातल्या जवसाचाच. बोडन सरोवराकाठी आर्बोनला तर गुरांचं शेण आणि शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या टिकून राहिल्यात. त्यांतल्या डहाळ्या-पाल्यावरून जनावरं कुठे चरली, काय खात होती, हे अभ्यासकांना सांगता येतं. एवढं सगळं हाती असताना नुसती मासेमारी सांगणं हा त्या लोकांच्या कष्टांवर अन्याय आहे.

महापुरात बुडाली? आर्बोनच्या त्या वस्तीचं वय खांबांच्या वर्षवलयांवरून, म्हणजे लाकडात दरवर्षी पडणाऱ्या कड्यांवरून, कळलंय: इ.स.पू. ३३८४ ते ३३७०. जेमतेम पंधरा वर्षं, आणि शेवट आगीत. पाण्याने केलं ते उलटंच. ओल्या गाळात हवा पोचली नाही, म्हणून लाकूड, कापड, धान्य टिकलं.

२०११मध्ये युनेस्कोने सहा देशांतल्या अशा १११ जागा वारसा यादीत घेतल्या. रोबेनहाउझेन त्यांत आहे. जमिनीवर तिथे पाहण्यासारखं फारसं काही नाही. जे आहे ते खाली, दलदलीत, आणि भूजल उतरलं की ते लाकूड कुजायला लागतं.